करंगळीवरचा वेढा

सुहासिनी दोर मागेपुढे ओढत होती. खिडकीच्या गजाला पांढऱ्या नायलॉनचा एक वेढा बांधला होता, त्यातून जाड मनिला दोर ओवला होता आणि दोराची दोन टोकं तिच्या दोन हातांत होती. ताक घुसळावं तशी ती आळीपाळीनं हात खेचत होती.

"जोरात," हरिहर मास्तर सतरंजीवरून म्हणाले. "अशानं लोणी यायचं नाही."

तिला हसू आलं. हसताहसता तिनं हात चालवले, आणि एकाएकी जळका वास नाकात शिरला. पुढच्याच ओढीला दोर सुटून तिच्या अंगावर आला. नायलॉनचा वेढा मधोमध तुटून गजाला लोंबत होता. तुटल्या टोकांशी लाखेसारखे दोन थेंब चमकत होते.

"बोट लावू नकोस. भाजेल."

"मास्तर, घर तेवढं पेटवू नका हो," आतून आईचा आवाज आला. "माघात मांडव पडायचाय इथं."

"नाही पेटवत, रंगूबाई. शास्त्राचा तास चाललाय."

हरिहर मास्तर डोंबिवलीच्या शाळेत शास्त्र शिकवत. शिकवायची त्यांची रीत अशी, की वस्तू आधी हातात द्यायची आणि तिच्याविषयी बोलायचं ते मागाहून. सुहासिनीला ही रीत ठाऊक होती. तिचा मोठा भाऊ विश्राम आणि मास्तर शाळेपासूनचे दोस्त. त्या दोघांच्या मागे मागे फिरत तिनं लहानपणी बरंच काही हाताळलं होतं, आणि त्यातलं बरंचसं फोडलंही होतं.

"मघाशी याच वेढ्याला आपण दोघं लोंबकळलो," ती तुटक्या टोकाकडे बघत म्हणाली. "तेव्हा हूं की चूं केलं नाही त्यानं."

"नुसतं वजन दे, दोन म्हशींचं पेलेल. पावसात कुजत नाही, वाळवी लागत नाही. पण त्याच्यातून दुसरा दोर घासत गेला की ऊब धरतो आणि वितळतो. हा लढाईतल्या छत्र्यांचा माल. ज्यांनी बनवला त्यांच्या मनात कडेकपारी नव्हत्या." मास्तरांनी सतरंजीवर मांडलेल्या तुकड्यांवरून हात फिरवला. "आता सांग. सुळका चढताना वाटेत दगडाच्या शिंगांना अडकवायचे वेढे कशाचे?"

"नायलॉनचे. तिथं दोर नुसता अडकून राहणार, घासत धावणार नाही."

"आणि अगदी वर? जिथून मी तुला खाली सोडणार तिथं? दोर वेढ्यातून सरकत जाणार, तुझं सगळं वजन घेऊन."

सुहासिनीनं तुकडे एकेक उचलून पाहिले. सुती दोर मऊ होता, झोपाळ्याला शोभला असता. काथ्याचा सुंभ तिनं लगेच बाजूला टाकला. घायपाताचा दोर हाताला टोचला आणि गाठ मारून पाहिली तर ती नीट बसेना. शेवटी तिच्या हातात तागाचा दोर राहिला.

"हा."

"का?"

"वितळत नाही. गाठ धरतो. टोकं एकमेकांत विणता येतात." ती जराशी थांबली. "आणि दादाचा वर राहिलेला वेढा तागाचाच होता."

मास्तरांनी मान हलवली. मग पिशवीत पार तळाशी हात घालून त्यांनी हातभर लांबीचा एक तपकिरी तुकडा काढला. दोन्हीकडून तो सुरीनं साफ कापलेला होता.

"हा धरशील?"

तिनं तो निरखून पाहिला. घट्ट पिळाचा तागाचा दोर, कोळ्यांच्या जाळ्यांसारखा ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवलेला. रंग थोडा विटला होता, एरवी कुठं तंतू निघालेला नव्हता.

"धरीन की."

"पीळ उलगड."

तिनं दोन्ही मुठींत दोर धरून उलटा पिळला. पदर सुटे झाले आणि आतून करड्या-तपकिरी भुकटीची चिमूट तिच्या तळहातावर पडली. माळ्यावरच्या जुन्या गोणपाटासारखा वास आला. तिनं आणखी पिळला तसा दोर हातातल्या हातात भाकरीसारखा मोडला.

"ताग बाहेरून शहाणा दिसतो," मास्तर म्हणाले. "वरचं पाणी ऊन सुकवतं. आत शिरलेलं पाणी आतच बसतं आणि आतून खातं. दोन पावसाळे, फार तर तीन. म्हणून वर कुणाचाही वेढा दिसला, अगदी माझा असला तरी, पीळ उलगडून आत बघितल्याशिवाय त्याच्यावर भार टाकायचा नाही. ध्यानात राहील?"

"राहील." तिनं तळहाताकडे पाहिलं. "मग दादाचा?"

मास्तर तुटका नायलॉनचा वेढा गजावरून सोडवत होते. गाठ तापून घट्ट बसली होती, त्यामुळे त्यांना वेळ लागला.

"तो दगडाच्या आडोशाला आहे," ते म्हणाले. "पाऊस थेट लागत नाही. त्याला हात लाव, बघ. भार मात्र आपल्या नव्या वेढ्यावरच."

त्यांनी हात पुढे केला. तिनं मोडका तुकडा त्यांना परत दिला आणि हाताला लागलेली भुकटी पदराला पुसून टाकली.

कोपरीच्या त्यांच्या घराच्या मागच्या अंगणातून खाडी दिसे, खाडीपलीकडे मुंब्र्याचा डोंगर, आणि डोंगराच्या धारेवर, नीट पाहिलं तर, एक सुटा सुळका. बोटं मिटून करंगळी तेवढी उभी ठेवावी तसा. विश्राम आणि हरिहर त्याला करंगळीच म्हणत. कॉलेजच्या दिवसांत दोघांनी तीन हिवाळे त्याच्याशी झटापट केली आणि पन्नास सालच्या नाताळच्या सुटीत ते वर पोचले. खाली उतरताना दोर कशातून तरी ओवावा लागतो, आणि ज्यातून ओवला ते वरच राहतं. विश्रामनं माथ्यावरच्या दगडाला स्वतः विणलेला तागाचा वेढा घातला होता. विणीची टोकं आईच्या शिवणाच्या डब्यातल्या लाल दोऱ्यानं गुंडाळली होती. घरी आल्यावर तो सुहासिनीला म्हणाला होता, "माझा वेढा वर राहिलाय. तू मोठी झालीस की तुला नेतो. तेव्हा बघ."

पुढल्या वर्षी तो मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला. बोट ठरल्या दिवशी परत आली. तो आला नाही. आफ्रिकेच्या एका बंदरात उतरला होता आणि पुन्हा बोटीवर चढला नव्हता, एवढंच कंपनीनं सांगितलं. गेला म्हणावं तर कुणी पाहिलं नव्हतं आणि आहे म्हणावं तर खूण नव्हती.

खूण होती ती करंगळीवर. दर वर्षी दिवाळीनंतर मास्तर आपल्या एखाद्या दोस्ताला घेऊन करंगळी चढून येत आणि परतताना कोपरीला उतरून घरी येत. आई पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि विचारायची, "आहे?"

मास्तर पाणी पिऊन म्हणायचे, "आहे."

बस्स. दोन शब्दांवर आई पुढचं वर्ष काढायची. सुहासिनीनं तिला देवापुढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, पण अंगणात धुणं वाळत घालताना ती डोंगराकडे बघत पुटपुटायची हे तिनं पाहिलं होतं.

आता सुहासिनीचं लग्न ठरलं होतं. सासर जबलपूरला. तिथं डोंगर असतील, हा नसेल. लग्न ठरल्याच्या संध्याकाळी ती आईला भीतभीत म्हणाली होती, "मला एकदा करंगळीवर जायचंय." आई रागावेल, शेजारीपाजारी काय म्हणतील ते ऐकवेल, असं तिला वाटलं होतं. आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "जा. माझ्याच्यानं काही व्हायचं नाही. मास्तर बघतात ते बघतात. घरच्या कुणीतरी एकदा डोळ्यांनी बघायला हवं."

शनिवारी शाळा सुटल्यासारखी ती खाडीकाठी काळुरामकडे गेली. काळुरामनं जन्मभर मिठाच्या होड्या हाकल्या होत्या. आता गुडघे धरले होते, तेव्हा तो दारात बसून दोर वळी. विश्रामला दोर विणायला त्यानंच शिकवलं होतं.

"कनाला गो आयलीस, पोरी?"

"दोर हवाय, काळूकाका. तागाचा. असा बोटभर जाड."

"लगीन ठरला नं तुजा? नवऱ्याला बांधाला पायजे क काय?"

"पळाला तर बांधीन. आत्ता मला करंगळीवर जायचंय."

काळुरामनं तिच्याकडे वर पाहिलं आणि भिंतीवरच्या खुंटीवरून दोराची गुंडाळी काढली. दोर ऐनाच्या रंगात बुडवून नुकता वाळवलेला होता, हाताला किंचित चिकट लागत होता.

"यो घे. मास्तरासाठी ठेवलाय तो, त्यातला काप. दर दिवालीला नेतं तो, दोन वाव. रंगवूनच दे म्हनतं." दोन्ही हात पसरून त्यानं वावाचं माप दाखवलं.

"शाळेच्या मुलांना दाखवायला नेत असतील."

"आसल. आवंदा मना यो पन देऊन गेलं." त्यानं कोपऱ्यातून नायलॉनचा एक तुकडा पायानंच पुढे सरकवला. "बघ म्हनं, कसा वाटतं. मी काड्यात घातला, रातभर ठेवला. रंग पन घेतला नाय, पानी पन प्यायला नाय. जो दोर पानी पीत नाय त्याचा मना भरवसा नाय वाटत."

तिनं त्याच्याच दारात बसून वेढा विणायला घेतला. दोराचे पदर सोडायचे, एकमेकांत घालायचे, एक वर, एक खाली. हात चुकला की काळुराम जिभेनं टक् करी. विणून झाल्यावर तिनं घरून आणलेला लाल दोरा टोकांवर गुंडाळला. काळुराम तिच्या बोटांकडे बघत होता.

"विसरामसारका गुंडालतंस," तो म्हणाला. "उलटा."

"उलटा कुठं? असंच असतं ना?"

"नाय गो. तो डावरा. माज्यासमोर बसून शिकला, आरशात बघल्यासारका. मी इकडून फिरवी तो तिकडून. तू तुज्या भावाचा शिकलीस, म्हंजे उलटाच शिकलीस."

हे ती कधी कुणाकडून शिकलीच नव्हती. अंगणातली वळणीची दोरी मध्ये तुटली तेव्हा विश्रामनं विणून दिली होती. रोज ओलं धुणं टाकताना तिची बोटं त्या जोडावरून जात. लाल दोऱ्याचे वेढे कुठून सुरू होतात, कुठल्या बाजूला झुकतात, हे तिला अंधारातही सांगता आलं असतं. तिच्या बोटांनी तेवढाच धडा गिरवला होता.

रविवारी भल्या सकाळी ती आणि मास्तर मुंब्र्याला उतरून डोंगराच्या वाटेला लागले. अंगात विश्रामची खाकी विजार, कमरेला नाडीनं घट्ट आवळलेली, आणि पायांत कॅनव्हासचे बूट. निघताना आईनं तिला आपादमस्तक पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "अगदी तो दिसतेस." मग मास्तरांकडे वळून, "जशी नेताय तशी आणा."

करंगळीच्या पायथ्याशी मास्तरांनी तिच्या कमरेला मनिला दोर बांधला, गाठ दोनदा तपासली, तिच्याकडून तिसऱ्यांदा तपासून घेतली. मग ते चढू लागले. खाली असताना चालण्यात जे मास्तर होते ते दगडावर राहिले नाहीत. बेताबेतानं, पण न अडखळता ते भेगेतून वर सरकले, एका शिंगाला नायलॉनचा वेढा अडकवला, त्यातून दोर घेतला, पुढे गेले. त्यांचे पाय दिसेनासे झाले. दोर तिच्या हातातून वर वर जात राहिला आणि थांबला.

"ये."

भेगेत पाठ एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला टेकून ती चढली. भेग संपली तिथं उघडा दगड होता आणि त्यावर ऊन आलं होतं. तिचा एक पाय थरथरू लागला.

"पाय हलतोय," ती ओरडली.

"हलू दे. भुंग्यासारखा हलतो तो, सगळ्यांचाच. टाच खाली घे."

तिनं टाच खाली घेतली. थरथर थांबली. हाताशी आलेला नायलॉनचा वेढा काढून तिनं गळ्यात अडकवला आणि पुढची पकड शोधली. दादाची बोटंही इथंच लागली असतील, असं तिच्या मनात आलं. या खाचेत दुसरीकडे कुठं बोटं घालायला जागाच नव्हती.

माथा म्हणजे दोन माणसं बसतील एवढी जागा होती. मास्तर पाय पसरून बसले होते, दोर पाठीवरून घेतलेला. ती शेजारी पोचली तेव्हा त्यांनी थोडं सरकून जागा केली. समोर खाडी पसरली होती. मिठागरांचे चौकोन आरशासारखे लकाकत होते आणि पलीकडच्या काठाला कोपरीची घरं, काड्यांच्या पेट्या मांडाव्यात तशी. त्यांतलं आपलं कुठलं ते तिनं खाडीच्या वळणावरून हेरलं. तिथं पांढरा ठिपका दिसला, किंवा दिसल्यासारखं वाटलं. आईनं काहीतरी वाळत टाकलं असावं.

मग तिनं मागे वळून पाहिलं.

माथ्याच्या मागच्या अंगाला बैलाच्या वशिंडासारखा दगड वर आला होता. त्याच्या गळ्यात तपकिरी वेढा होता. लाल दोऱ्यानं टोकं गुंडाळलेला.

आडोसा तिथं कसलाच नव्हता. चारी बाजूंनी आभाळ होतं.

ती गुडघ्यांवर सरकत गेली आणि दोन्ही हातांनी तिनं तो वेढा धरला. ऊन खाऊन तो गरम झाला होता. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते वाहू दिले. मास्तर खाडीकडे बघत होते. बराच वेळ गेल्यावर तिचा अंगठा सवयीनं लाल दोऱ्यावरून फिरला, वळणीवर फिरायचा तसा, आणि अडला. परत फिरला. परत अडला.

तिनं डोळे पुसून पाहिलं. दोऱ्याचे वेढे नीटनेटके, एकाला एक लागून होते. झुकलेले मात्र दुसऱ्या बाजूला. काळुराम गुंडाळेल तसे. कुठल्याही उजव्या हाताचा माणूस गुंडाळेल तसे.

तिनं दोन्ही मुठींत दोर धरला आणि पीळ उलगडला.

आत ताग सोनेरी होता. कापणीनंतरच्या पेंढ्यासारखा. तिनं नाक जवळ नेलं, गोणपाटाचा वास नव्हता. तळहातावर काहीही पडलं नाही. तिनं पीळ पुन्हा मिटवला, दोर होता तसा नीट बसवला आणि त्याच्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली.

दर दिवालीला नेतं तो, दोन वाव. रंगवूनच दे म्हनतं.

वाऱ्यानं मास्तरांचे केस कपाळावर येत होते. कानशिलांपाशी ते पिकू लागले होते. हे तिनं आधी पाहिलं नव्हतं. किती वर्षं ते आईसमोर उभे राहून पाणी प्यायले होते आणि तिनं फक्त त्यांच्या तोंडून निघणाऱ्या एका शब्दाची वाट पाहिली होती.

"नवा वेढा काढ," मास्तर मान न वळवता म्हणाले. "ऊन वाढेल."

सुहासिनीनं पिशवीतून आपला वेढा काढला. तो हातात घेऊन ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"नवा नको, मास्तर," ती म्हणाली. "याच्यावरून उतरता येईल. याचा एकच पावसाळा झालाय."

मास्तरांचा दोर गुंडाळणारा हात थांबला. खाली रानात कुणीतरी लाकूड तोडत होतं, त्याचा आवाज वर पोचायला उशीर लागत होता. तो आवाज दोनदा आला, तिसऱ्यांदा आला. तिला वाटलं ते आता सांगतील, कधीपासून, कसं. त्यांनी फक्त चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला.

"उलगडून पाहिलास?"

"तुम्हीच शिकवलंत ना."

"हो," ते म्हणाले. "मीच."

तिनं आपला वेढा त्यांच्या पुढ्यात धरला. "हा तुम्ही ठेवा. पुढच्या वर्षीसाठी."

मास्तरांनी तो घेतला. शाळेतल्या मुलाची वही तपासावी तशी वीण पाहिली, एका ठिकाणी ओढून पाहिली. मग त्यांची नजर लाल दोऱ्यावर गेली आणि तिथंच राहिली. त्यांनी वेढा वळवून दगडावरच्या वेढ्याशेजारी धरला. एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं.

"उलटा गुंडाळलायस."

"दादा डावरा होता."

"डावरा," मास्तर हलकेच म्हणाले. "एका बाकावर बसायचो आम्ही. त्याचं कोपर सारखं माझ्या कोपराला लागायचं." त्यांनी तिचा वेढा पिशवीत ठेवला, पुन्हा काढला आणि सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवला.

दगडावरच्या वेढ्यातून त्यांनी दोर ओवला. भार टाकून स्वतः पाहिला. मग तिनं पाठ दरीकडे केली, पाय दगडाला लावले आणि वजन सोडलं. वेढा ताठ झाला, किंचित कुरकुरला आणि त्यानं तिला धरलं. खाली खाली जाताना ती त्याच्याकडे बघत राहिली. तपकिरी ठिपका, लाल ठिपका, मग नुसता दगड.

कोपरीला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. मास्तर कोपऱ्यापर्यंत आले आणि तिथूनच वळले. डोंबिवलीला लवकर पोचायला हवं, मुलांच्या वह्या तपासायच्या आहेत, म्हणाले. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच घरी न येता गेले.

आई अंगणात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता. तिनं सुहासिनीची खरचटलेली कोपरं पाहिली, विजारीचा फाटलेला गुडघा पाहिला. तांब्या पुढे केला.

सुहासिनी गटागटा पाणी प्यायली. तांब्या खाली करताना तिला आईचा चेहरा दिसला. ओठ जरासे उघडे, मान थोडी पुढे.

"आहे?"

मास्तरांना दर वर्षी या चेहऱ्यासमोर उभं राहावं लागलं होतं.

"आहे," सुहासिनी म्हणाली.

आईनं डोळे मिटले आणि उघडले. मग ती एकदम कामाला लागली. वळणीवरचे कपडे काढू लागली, सुकले की नाही ते गालाला लावून पाहू लागली.

"हात लावलास?"

"लावला. दोन्ही हातांनी."

"बरं झालं. माझ्या जिवाला बरं झालं बघ." आईनं वळणीवरची पांढरी साडी ओढली, झटकली आणि पदर पसरून उन्हाकडे धरला. "आणि ही काय गं, परवाची नेसूची? पदराला काय माखून ठेवलं होतंस, भुकटी भुकटी? दोनदा साबण लावला तेव्हा कुठं डाग गेला."

सुहासिनी बघत राहिली. पदर स्वच्छ होता. खाडीवरचा वारा त्यातून आरपार जात होता.

मास्तरांच्या पिशवीच्या तळातला तो हातभर तुकडा, ऐनाच्या रंगाचा. दोन्हीकडून कापलेला, जिथं लाल दोरा असायला हवा तिथं. हा धरशील, असं त्यांनी विचारलं होतं, आणि धरीन की, असं ती म्हणाली होती.

"काही नाही, आई," ती म्हणाली. "दोराचं होतं."

"गेलं सगळं. आता लग्नात नेसलीस तरी चालेल." आई साडीची घडी घालत आत गेली.

वळणी रिकामी झाली होती. सुहासिनीनं हात वर करून दोरी धरली आणि मधल्या जोडापर्यंत बोटं सरकवत नेली. तिथं, उलट्या बाजूला झुकलेल्या लाल दोऱ्यावर, तळहात टेकवून ती उभी राहिली. पीळ तिनं उलगडून पाहिला नाही.